आवडता लेखक सांगताना पहिले पुस्तकही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की वाचनालये, महाविद्यालये आणि वर्तमानपत्रे वाचकांना विचारतात, तुमचा आवडता लेखक कोण? वाचक हौसेने कळवतात. नावे छापून येतात, फलकावर लागतात. पण पुढच्या पंधरवड्यात देवघेव खिडकीशी उभे राहून पाहिले, तर त्या नावांमुळे कपाटात पडून राहिलेले एखादे पुस्तक बाहेर पडले असे क्वचितच दिसते. आम्ही सोलापुरातले काही ग्रंथालय-सेवक आणि वाचक आहोत. पुस्तकांची देवघेव आणि वाचकांच्या बैठका हे आमचे नित्याचे काम. आवडता लेखक एकमेकांना सांगण्याची ही रीत फार मोलाची आहे, आणि ती नीट पार पडावी म्हणून हे पत्र. लेखकाच्या नुसत्या नावावर भागत नाही. त्याचे कोणते पुस्तक आधी हातात घ्यायचे, ते शहरात कुठे मिळेल आणि त्यातले कोणते पान वाचून पाहायचे, एवढे सांगितले तर ऐकणारा ते पुस्तक मागायला येतो.

मुळात प्रश्नच बदलायला हवा. ‘आवडता लेखक कोण’ असे विचारले की माणूस शाळेच्या पाठ्यपुस्तकाकडे वळतो आणि चारचौघांत शोभेल असे नाव सांगतो. त्यात लबाडी नसते. प्रश्न मोठा असतो आणि उत्तर तिथल्या तिथे द्यायचे असते. त्याऐवजी असे विचारून पाहावे : कोणाचे पुस्तक तुम्ही दुसऱ्यांदा वाचले? कोणाचे पुस्तक दुसऱ्याला दिले आणि नंतर आठवणीने परत मागितले? कोणाचे नवे पुस्तक दिसले की बाकीची बाजूला ठेवता? या प्रश्नांना खरी उत्तरे येतात आणि ती वेगवेगळी असतात. एखाद्या गृहिणीकडून दुर्गा भागवतांचे नाव येते, एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराकडून बाबूराव अर्नाळकरांचे. दोन्ही नावे सारख्याच आदराने लिहून घ्यावीत. रहस्यकथा सांगणाऱ्याला कोणी ‘आणि काही गंभीर?’ असे विचारले की तो पुढच्या वेळी येत नाही, आणि त्याच्याबरोबर येणारे दोघेही येत नाहीत.

आता पहिल्या पुस्तकाबद्दल. आमच्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आवडत्या लेखकाचे आपल्याला जे पुस्तक सर्वांत थोर वाटते, तेच आपण नव्या माणसाच्या हाती देतो. आपण त्या पुस्तकापर्यंत चार पुस्तके वाचून पोचलेलो असतो, हे विसरतो. जी. ए. कुलकर्णींचेच पाहा. त्यांचा चाहता ‘रमलखुणा’ देतो. त्यातल्या दीर्घ, रूपकात्मक कथांची सवय नसलेला वाचक वीस पानांवर थांबतो आणि पुस्तक मुदतीच्या आधीच परत येते. तोच वाचक ‘निळासावळा’ (1959) किंवा ‘पारवा’ (1960) यांतल्या कथांपासून सुरू झाला, मग ‘काजळमाया’कडे (1972) आला, तर ‘रमलखुणा’ आणि ‘पिंगळावेळ’ तो स्वतःहून मागतो. जी. एं.च्या सुरुवातीच्या कथांतली माणसे, घरे, बोलण्यातला कानडी हेल हे सगळे सोलापूरच्या वाचकाच्या ओळखीचे आहे. सोलापुरात जी. ए. अवघड म्हणून बाजूला पडतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

आपल्याच शहराचे मारुती चितमपल्ली. 1932 मध्ये सोलापुरात जन्म, वनखात्यात उभी हयात, 2006 च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि 2025 मध्ये सोलापुरातच निधन. त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पण वाचनाची सुरुवात करायला ‘पक्षिकोश’ दिला जातो. कोश हा चाळण्याचा आणि शोधण्याचा ग्रंथ; सलग वाचायला घेतला तर दमणारच. ‘चकवाचांदण’ हे आत्मकथन सुंदर आहे, पण जाड आहे, आणि पंधरा दिवसांच्या मुदतीत नोकरदाराचे पुरे होत नाही. सुरुवात ‘रानवाटा’पासून करावी. लेख सुटे आहेत, एका बैठकीत एक होतो. चितमपल्ली सांगताना त्यांचे शब्दही सांगावेत. कावळे एकत्र घरटी करतात त्या जागेला त्यांनी ‘काकागार’ म्हटले. हा एक शब्द ऐकून मुले पुस्तक मागतात. पुरस्कारांची यादी ऐकून मागत नाहीत.

त्र्यं. वि. सरदेशमुखांची गोष्ट याहून कठीण. ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला 2003 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अक्कलकोटला जन्मलेला आणि सोलापुरात वावरलेला हा लेखक, तरी त्यांचे पुस्तक बरेचदा कोरेच्या कोरे राहते. कादंबरी मोठी आहे, वाक्ये संथ आहेत, संस्थानी गावाचा व्याप हळूहळू उलगडतो. घाईच्या वाचकाला ती देऊच नये. जो जुन्या गावांच्या, वाड्यांच्या गोष्टी रस घेऊन ऐकतो, त्याला द्यावी, आणि देतानाच सांगावे की पहिली पन्नास पाने सावकाश जातील, मुदत वाढवून मिळेल. हे आधी सांगितले की वाचक धीर धरतो. न सांगितले तर त्याला वाटते की आपल्यालाच कळत नाही, आणि मग तो त्या लेखकापासून कायमचा दूर जातो. पुस्तक अवघड आहे असे सांगण्यात लेखकाचा अपमान नाही.

उलट शरणकुमार लिंबाळे यांच्या बाबतीत पहिल्या पुस्तकाचा प्रश्नच येत नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचा हा लेखक. 1984 चे ‘अक्करमाशी’ आकाराने लहान, भाषा थेट, आणि शाळेच्या सहलीतला जेवणाचा प्रसंग सुरुवातीलाच येतो. तेवढी पाने वाचली की पुस्तक खाली ठेवता येत नाही. ज्याला पुढे जायचे आहे त्याला ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ द्यावे, आणि मग सरस्वती सन्मान मिळालेली ‘सनातन’ ही कादंबरी. हा क्रम उलटा केला की गाडी अडते.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ची (1956) सोय निराळीच आहे. मराठी महिन्यांप्रमाणे लेख आहेत, म्हणून जो महिना चालू असेल त्याचा लेख आधी वाचायला सांगावा. श्रावणात चैत्राचे वर्णन वाचण्यापेक्षा श्रावणाचे वाचले की वाचक खिडकीबाहेर पाहतो आणि पडताळून घेतो. पुस्तक वर्षभर पुरते. एवढी साधी सूचना कार्डावर लिहिली तर पुस्तक हातोहात जाते.

कार्ड म्हणजे काय, तेही सांगतो. ग्रंथालयात तालिकेसाठी, म्हणजे पुस्तकांच्या सूचीसाठी, वापरतात ते पाच इंच बाय तीन इंचांचे जाड कार्ड. त्यावर शिफारस करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचे : लेखकाचे पूर्ण नाव, टोपणनाव असल्यास तेही, पहिले पुस्तक, त्यानंतरचे एक पुस्तक, वाचून पाहण्याचे पान, आवृत्तीचे वर्ष, आणि ‘हे कोणाला आवडेल’ याची एक ओळ. या शेवटच्या ओळीवर सगळा भार आहे. ‘सर्वांनी वाचावे असे’ लिहिले तर ते कोणीच वाचत नाही. ‘शेतीचा हिशेब जुळत नसलेल्या घरातल्यांना’ असे सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’च्या कार्डावर लिहिले, तर नेमका माणूस थांबतो. आवृत्तीचे वर्ष यासाठी की पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो. 1980 च्या प्रतीतले पान 43 नव्या प्रतीत दुसरीकडेच असते. शक्य असेल तर पानाऐवजी प्रकरणाचे किंवा कथेचे नाव लिहावे, म्हणजे घोळ होत नाही.

पूर्ण नावाचा आग्रह का, ते ज्यांनी तालिकेचे खण उघडले आहेत त्यांना सांगायला नको. वाचक ‘आरती प्रभू’ शोधतो. कविता त्या नावाखाली मिळतात, पण ‘कोंडुरा’ आणि ‘रात्र काळी घागर काळी’ खानोलकरांच्या नावाखाली असतात, चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू एकच, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. राम गणेश गडकरी कवितेत ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदात ‘बाळकराम’. ‘केशवकुमार’ म्हणजे अत्रे. ‘ग्रेस’ म्हणजे माणिक गोडघाटे. ‘विभावरी शिरूरकर’ म्हणजे मालती बेडेकर. सोलापूरचे कवी संजीव म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित, आणि कुंजविहारी म्हणजे हरिहर गुरुनाथ कुलकर्णी. शिवाय आद्याक्षरांचा गोंधळ आहेच : ना. धों. महानोर आणि ना. धों. ताम्हनकर, ह. ना. आपटे आणि ना. ह. आपटे. घाईत उलटसुलट लिहिले गेले की वाचकाच्या हाती भलतेच पुस्तक पडते आणि तो शिफारस करणाऱ्याला दोष देतो.

ज्या वाचनालयात दशांश वर्गीकरण आहे, म्हणजे पुस्तके विषयांच्या ठरलेल्या क्रमांकांनी लावलेली आहेत, तिथे कार्डावर क्रमांकही टाकावा. मराठी साहित्य 891.46 मध्ये येते, कविता 891.461, नाटक 891.462, कथा-कादंबरी 891.463, निबंध 891.464. आत्मकथने पुष्कळ ठिकाणी चरित्राच्या कपाटात असतात, म्हणून ‘अक्करमाशी’ कादंबऱ्यांत शोधून सापडत नाही. लहान वाचनालयात पुस्तके दाखल क्रमांकानेच, म्हणजे ती आली त्या क्रमानेच, लावलेली असतात. तिथे कपाट क्रमांक आणि फळी लिहिली तरी पुरे.

अनुवादाच्या कार्डावर अनुवादकाचे नाव हवेच हवे. सोलापुरात तर याची फार गरज आहे. इथे घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू आणि बाहेर मराठी असे हजारो वाचक आहेत. कन्नड कादंबरीकार भैरप्पांचे ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ मराठीत उमा कुलकर्णींनी आणले. ते नाव वाचकाला कळले की त्यांचे इतर अनुवादही तो त्याच विश्वासाने उचलतो. शहराच्या पूर्व भागातल्या वाचकांपुढे लक्ष्मीनारायण बोल्लींचे नाव निघाले की चेहरे खुलतात. तेलुगू घरातला मराठी कवी, दोन्ही भाषांत अनुवाद करणारा, आणि आत्मकथनाचे नाव ‘एका साळियाने’. विणकराच्या घरात हे नाव समजावून सांगावे लागत नाही. आमचे आग्रहाचे सांगणे आहे की बैठकीत कोणाला आपल्या आवडत्या तेलुगू किंवा कन्नड लेखकाबद्दल बोलायचे असेल तर त्याला अडवू नये. त्याने बोलावे मराठीत, पण दोन-चार ओळी मूळ भाषेत वाचाव्यात. अर्थ न कळणाराही नाद ऐकतो. मराठीत अनुवाद उपलब्ध नसेल तर तसे कार्डावर स्पष्ट लिहावे, नाहीतर वाचक चार वाचनालये पालथी घालतो.

बैठकीच्या मांडणीबद्दल थोडक्यात. 25 ते 30 माणसे, गोल बसलेली, ध्वनिक्षेपक नको, व्यासपीठ नको. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, पाहुण्यांची ओळख, सत्कार हे सगळे धरले तर दीड तासातला अर्धा तास तिथेच जातो. नमनालाच घडाभर तेल ओतले की शेवटच्या दोघांना ‘दोन मिनिटांत आटपा’ अशी चिठ्ठी येते, आणि बहुधा तेच सगळ्यात तयारी करून आलेले असतात. सहा वक्ते पुरेत. प्रत्येकी पाच मिनिटे बोलणे, तीन मिनिटे वाचन, आणि पुढचा उठेपर्यंत दोन मिनिटे, असा एक तास होतो. उरलेला अर्धा तास पुस्तके हाताळायला मोकळा ठेवावा. तो कोणत्याही कारणाने खाऊ नये.

वेळ ठरवताना कॅलेंडरबरोबर नळाचेही वेळापत्रक पाहावे. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या पेठेत त्या संध्याकाळी पाणी सुटणार, तिथल्या बायका येऊ शकत नाहीत, आणि वाचनालयाच्या सभासदांत त्या मोठ्या संख्येने आहेत. एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या आत कोणाला बोलावू नये, उन्हाच्या झळा तेव्हाही असतात. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची, गड्ड्याची यात्रा असते, तो पंधरवडा सोडून द्यावा. मार्चमध्ये परीक्षांमुळे मुले येत नाहीत.

आता बोलण्याबद्दल. पाच मिनिटांत तीन गोष्टी टाळल्या की काम होते. लेखकाचा जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार हे क्रमाने सांगू नये. तेवढे दोन ओळींत कार्डावर येते. कथानक शेवटपर्यंत सांगू नये. आणि ‘शब्दांत सांगता येत नाही’ असे म्हणू नये, कारण शब्दांत सांगायलाच त्याला बोलावलेले असते. मग काय सांगावे? लेखक कोणत्या जगात नेतो, त्याची वाक्ये कशी चालतात, आणि वाचताना कुठे अडखळायला होते. अडखळण्याची जागा सांगितली की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. आनंद यादवांची बोली पहिल्या दहा पानांत नवख्याला अडते, मग कान तयार होतो, असे मोकळेपणी सांगावे.

पण बैठकीचा जीव वाचनात आहे. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या, आकाराच्या पुस्तकाचे एक पान सावकाश, मोठ्याने वाचायला अडीच ते तीन मिनिटे लागतात, म्हणून एकच पान निवडावे. ते सहसा पहिले पान नसावे. पुष्कळ पुस्तकांचे पहिले पान प्रस्तावनेसारखे असते आणि शेवटचे पान वाचले तर रहस्य फुटते. पंचविसाव्या ते साठाव्या पानाच्या दरम्यान असा तुकडा शोधावा की ज्यात दोनपेक्षा जास्त पात्रे नाहीत आणि मागचे काही ठाऊक नसले तरी चालते. निवडल्यावर घरी तीनदा मोठ्याने वाचावे. पहिल्यांदा जिभेला अडणारे शब्द कळतात, दुसऱ्यांदा श्वास कुठे घ्यायचा ते कळते, तिसऱ्यांदा वेळ मोजावा. श्वासाच्या जागा वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनेही दाखवू नयेत. त्या पानाची मोठ्या अक्षरांत झेरॉक्स काढून तिच्यावर खुणा कराव्यात. संध्याकाळी वाचनालयाची ट्यूबलाइट वक्त्याच्या मागे असते आणि पुस्तकावर त्याचीच सावली पडते, त्यामुळेही मोठ्या अक्षरांचा कागद सोयीचा. वक्त्याची खुर्ची उजेडाकडे तोंड करून ठेवावी.

संवाद वाचताना अभिनय करू नये. ग्रामीण बोलीचा संवाद आवाज चढवून, हेल काढून वाचला की लोक हसतात, आणि जिथे लेखकाने दुःख लिहिले आहे तिथेही हसतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे (1955) वाचन पुष्कळ ठिकाणी असेच बिघडते. ती माणसे माणदेशातली, आपल्या सांगोल्याच्या शेजारची. त्यांची वाक्ये तुटक आणि शांत आहेत. ती तशीच, सपाट वाचावीत. कविता असेल तर दोनदा वाचावी, मध्ये काही न बोलता. एकदा ऐकून कविता हाती लागत नाही, हे स्वाभाविक आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक राहावे लागते. व्हॉट्सअॅपवर पु. ल. देशपांडे, व. पु. काळे, विंदा, कुसुमाग्रज यांच्या नावाने फिरणाऱ्या ओळींपैकी कित्येक त्यांच्या कुठल्याही पुस्तकात सापडत नाहीत. बैठकीत किंवा वर्तमानपत्रात त्या आल्या की त्यांच्यावर शिक्का बसतो आणि पुढची पिढी त्या खऱ्या धरते. म्हणून नियम असा हवा की पुस्तकाचे नाव आणि पान सांगता येत नसेल तर ओळ म्हणायची नाही. लेखकाची माहिती पडताळायला मराठी विश्वकोश आणि संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश आहेत. विश्वकोश तर मोबाइलवर मोफत उघडतो. दहा मिनिटांचे काम आहे.

झेरॉक्सचा विषय निघालाच आहे तर हेही. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क राहतात. प्रकाशित पुस्तकातला मर्यादित भाग लोकांसमोर वाचायला कायद्याने हरकत नाही. पण उत्साहाच्या भरात अख्ख्या पुस्तकाचे फोटो काढून गटावर टाकले जातात, तो लेखकावर प्रेम करण्याचा मार्ग नाही. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचे लेखन खुले आहे. खांडेकर 1976 मध्ये गेले, त्यांचे अजून नाही. दुर्मिळ पुस्तकांसाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तके रीतसर मोफत आहेत, तिकडे वळवावे.

बैठकीच्या दिवशी ज्या पुस्तकांबद्दल बोलणे होणार ती टेबलावर असलीच पाहिजेत. ऐकून उठलेला माणूस त्या क्षणी पुस्तक हातात घेतो. ‘उद्या या, काढून ठेवतो’ म्हटले की तो येत नाही. म्हणून क्रम असा : आधी कपाट पाहा, मग वक्ता ठरवा. ‘ड’ वर्गाच्या छोट्या वाचनालयात जी पुस्तके आहेत त्यांतूनच लेखक निवडावेत. प्रत्येक पहिल्या पुस्तकाच्या दोन प्रती हव्यात. एकच असेल तर दुसरी शेजारच्या वाचनालयाकडून महिनाभरासाठी मागून घ्यावी. लेखी पोच आणि परतीची तारीख दिली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. तरीही मागणारे चार आणि प्रती दोन असे होतेच. त्यासाठी टेबलावर मागणी-वही ठेवावी : नाव, पुस्तक, तारीख, फोन. पुस्तक परत आले की पहिल्याला कळवायचे, तीन दिवस राखून ठेवायचे, मग दुसऱ्याला. वक्त्याची स्वतःची प्रत ओळखीच्याला देऊन टाकणे हा नेहमीचा घोळ. ती प्रत हरवते आणि पुढच्या वेळी तो वक्ता पुस्तक आणत नाही.

आणि परिणाम पाहायचा तर टाळ्या मोजू नयेत. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. एखाद्या चांगल्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर तीन-तीन वर्षांच्या अंतराने दोनच शिक्के असतात, शाई फिकी पडलेली, खाली अख्खा कागद कोरा. बैठकीनंतर दोन महिन्यांनी तीच चिठ्ठी काढून पाहावी. त्यावर तीन नवे शिक्के पडले असतील तर ती शिफारस पोचली. पडले नसतील तर लेखकाला किंवा वाचकाला दोष देऊ नये. कार्डावरची शेवटची ओळ बदलून पाहावी, पहिले पुस्तक बदलून पाहावे. संगणकावर देवघेव असेल तिथे हीच माहिती पुस्तकाच्या दाखल क्रमांकावरून निघते.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणे असे आहे. आवडत्या लेखकांवर सदर किंवा पुरवणी काढाल तेव्हा मतदान घेऊ नये आणि ‘पहिले दहा’ अशी यादी लावू नये. ‘मृत्युंजय’ आणि ‘स्वामी’ यांना शिफारस लागत नाही. त्यांच्या प्रती कपाटात टिकतच नाहीत. यादी लागली की खालचे नाव छापलेच जात नाही, आणि नेमके त्यालाच छापण्याची गरज असते. त्यापेक्षा वाचकांकडून दीडशे शब्द मागवावेत, कार्डावरच्याच क्रमाने : पूर्ण नाव, पहिले पुस्तक, पुढचे पुस्तक, वाचून पाहण्याची जागा, कोणाला आवडेल. एकाच लेखकावर पाच पत्रे आली तर ज्यात पहिले पुस्तक वेगळे सुचवले आहे ते छापावे. दर आठवड्याला चार पुरेत. त्यांत एक सोलापूर जिल्ह्यातला लेखक, एक अनुवाद, एक आज लिहिणारा लेखक, आणि चौथा कोणीही. आज लिहिणाऱ्यांसाठी वेगळी जागा मागतो, कारण किरण गुरव, प्रवीण बांदेकर, कृष्णात खोत यांना 2021, 2022 आणि 2023 चे साहित्य अकादमी पुरस्कार मिळूनही ही नावे अशा पुरवण्यांत दिसत नाहीत. आणि प्रत्येक पत्राखाली ते पुस्तक शहरातल्या कोणत्या वाचनालयात आहे हे एका ओळीत छापावे. हिराचंद नेमचंद वाचनालयापासून पेठापेठांतल्या लहान वाचनालयांपर्यंत विचारून ती ओळ भरून द्यायला आम्ही तयार आहोत. छपाईच्या तीन दिवस आधी नावे कळवली तर त्या दिवशी प्रत कपाटात आहे की बाहेर गेली आहे, तेही सांगता येईल.

आपले,
काही ग्रंथालय-सेवक आणि वाचक
सोलापूर